झ्वांव्हिलचा सरदार आणि त्याची रयत

फ्रान्सचा राजा संत लुईस याचें नांव ख्रिस्ती घरांत अपरिचित नाहीं. दरवर्षीं ऑगस्ट महिन्याच्या २५ व्या दिवशीं ख्रिस्तसभा त्याचा सण पाळते. आणि व्हँसेनच्या रानांत ओकवृक्षाखालीं बसून गोरगरिबांच्या फिर्यादी ऐकणाऱ्या त्या राजाचें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणापासून पाहिलेलें असतें. परंतु हें चित्र आपणांस कोणीं दिलें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तें देणारा मनुष्य धर्मगुरु नव्हता, मठवासी नव्हता, कीं विद्यापीठांतला पंडितहि नव्हता. तो तलवार बाळगणारा एक सरदार होता. राजाबरोबर त्यानें समुद्र ओलांडला, राजाबरोबर तो लढला, राजाबरोबर कैदेंत पडला, आणि म्हातारपणीं त्यानें आपण पाहिलेलें सर्व कांहीं लिहवून ठेवलें. त्याचें नांव जाँ द झ्वांव्हिल.

आज आम्ही वाचकांपुढें संत राजाची नव्हे, तर त्याच्या या सोबत्याची कथा ठेवणार आहों. तो संत नव्हता, आणि तसा आव त्यानें कधीं आणिला नाहीं. एकदां राजानें त्यास विचारिलें कीं, तूं महारोगी होणें पसंत करशील, कीं एक महापाप करणें? झ्वांव्हिलनें सरळ सांगून टाकिलें कीं, महारोगी होण्यापेक्षां आपण तीस महापापें करूं. दुसऱ्या दिवशीं राजानें त्यास जवळ बसवून त्या उत्तराबद्दल कानउघाडणी केली. ही गोष्ट झ्वांव्हिलनें स्वतःच नोंदवून ठेवली आहे. असा हा मनमोकळा मनुष्य युद्धाच्या दिवसांत कसा वागला, आणि ज्यांच्या जिवावर सरदार सरदार म्हणवितात त्या लहान माणसांचें देणें त्यानें कसें ओळखिलें, हें पाहण्यासारखें आहे.

घराणें व जहागीर

फ्रान्सच्या पूर्वभागीं शांपान्य प्रांतांत मार्न नदीच्या कांठीं झ्वांव्हिल नांवाचें गांव आहे. त्यावरील टेकडीवर या घराण्याचा किल्ला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांत तो पाडण्यांत आला. जाँचा जन्म सुमारें १२२४ सालीं झाला. बाप सिमों १२३३ सालीं वारला, त्या वेळीं मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता. आई बेआत्रीस हिनें त्यास वाढविलें. शांपान्यचा काउंट थिबो हा या घराण्याचा धनी. तो नाव्हारचा राजाहि होता व कवि म्हणूनहि नांवाजलेला होता. त्याच्या दरबाराचें ‘सेनेशाल’ हें पद, म्हणजे मुख्य कारभाऱ्याचा मान, झ्वांव्हिल घराण्याकडे वंशपरंपरेनें चालत आलें होतें. १२४१ सालीं सोम्यूर येथें राजानें मोठा दरबार भरविला, तेव्हां तरुण जाँनें आपल्या धन्यापुढें उभें राहून त्याच्या पानांतील मांस कापून वाढण्याचें काम केलें. आपणांस हें नोकराचें काम वाटेल. पण त्या काळीं मोठ्या घरच्या मुलास असा मान मिळणें ही प्रतिष्ठा होती. धन्याची सेवा करतां करतांच धनी होण्याचें शिक्षण मिळत असे.

त्या समाजाची घडी इमानावर बसलेली होती. काउंटनें सरदारास जमीन द्यावी, सरदारानें युद्धांत काउंटपाशीं हजर व्हावें. सरदारानें शेतकऱ्याचें रक्षण करावें, शेतकऱ्यानें सरदारास धान्य व कर द्यावा. शपथ घेतांना ही वरची पायरी सर्वांच्या डोळ्यांपुढें असे. खालची पायरी मात्र पुष्कळांच्या नजरेआड होई. झ्वांव्हिलच्या आयुष्यांतील विशेष हा कीं, ती खालची पायरी त्याच्या नजरेआड झाली नाहीं.

क्रूस घेण्याचा प्रसंग

१२४४ सालीं यरुशलेम नगर ख्रिस्ती लोकांच्या हातून गेलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राजा लुईस मरणोन्मुख आजारी पडला. त्या दुखण्यांतून उठतांच त्यानें क्रूस घेतला, म्हणजे पवित्र भूमीसाठीं युद्धास जाण्याची प्रतिज्ञा केली. या युद्धांविषयीं आज आपण त्या काळच्या लोकांच्या दृष्टीनें पाहूं शकत नाहीं. सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं ख्रिस्ती माणसांनीं केलेल्या बळजबरीबद्दल पोप दुसरे योहान पौल यांनीं २००० सालच्या मार्च महिन्यांत देवापाशीं जाहीर क्षमा मागितली, हें वाचकांस स्मरत असेल. तथापि तेराव्या शतकांतील सरदारास ती यात्रा वाटे, पापक्षालनाचा मार्ग वाटे, आणि घरदार मोडून तो त्या मार्गानें जाई. झ्वांव्हिलनेंहि क्रूस घेतला.

१२४८ सालच्या ईस्टरला त्यानें आपल्या सर्व लोकांस व जहागीरदारांस झ्वांव्हिल येथें बोलाविलें. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्याच दिवशीं त्यास मुलगा झाला. त्याचें नांव जाँच ठेविलें. सारा आठवडा मेजवान्या, गाणीं व नाच यांत गेला. परंतु शुक्रवारीं यजमानानें सर्वांस एकत्र करून निराळाच विषय काढला. आपण समुद्रापार जात आहों, परत येऊं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं. तेव्हां आपण कोणाचें कांहीं अन्यायानें घेतलें असेल, तर त्यानें पुढें यावें, आपण भरपाई करूं, असें तो म्हणाला. एवढेंच बोलून तो थांबला नाहीं. आपल्या समोर बोलण्यास लोक कचरतील हें ओळखून तो स्वतः सभेंतून उठून बाहेर गेला, आणि त्यांनीं जें ठरविलें तें त्यानें वाद न घालतां मान्य केलें. अन्यायाचा एक पैसाहि बरोबर न्यावयाचा नाहीं, असा त्याचा निश्चय होता.

त्याची स्वतःची स्थिति कांहीं फार संपन्न नव्हती. आई हयात असल्यामुळें जहागिरीचा मोठा भाग तिच्याकडे होता. त्याचें वार्षिक उत्पन्न १००० लिव्रसुद्धां नव्हतें. तरीहि त्यानें मेत्स शहरीं जाऊन आपल्या जमिनीचा मोठा हिस्सा गहाण टाकिला, आणि नऊ नाइट बरोबर घेऊन निघण्याची तयारी केली. नाइट म्हणजे आपल्याकडील शिलेदारांसारखे, स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें बाळगणारे लढवय्ये. निघण्यापूर्वीं पॅरिसमध्यें राजानें सर्व सरदारांकडून शपथ घेवविली कीं, राजाचें बरेंवाईट झाल्यास त्यांनीं राजपुत्रांशीं इमान राखावें. झ्वांव्हिलनें मात्र शपथ घेतली नाहीं. आपण शांपान्यच्या काउंटचे, राजाचे नव्हे, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. ज्या राजावर त्यानें पुढें जन्मभर प्रेम केलें, त्याच्यापुढें त्याचें पहिलें उत्तर नकाराचें होतें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

शेमिनों मठाच्या मठाधिपतीनें त्यास यात्रेकरूची झोळी व काठी दिली. त्या दिवशीं त्यानें किल्ला सोडला तो पुन्हां परत येईपर्यंत त्यांत पाऊल न टाकण्याच्या निश्चयानेंच. अंगांत केवळ सदरा, पाय अनवाणी, अशा वेषांत तो ब्लेकूर व सें-त्युर्बें येथील पवित्र स्थळांच्या यात्रेस गेला. वाटेंत किल्ला दिसत होता. पण त्यानें मान वळविली नाहीं. मागें राहिलेलीं दोन लेंकरें आणि तें सुंदर घर पाहून हृदय विरघळेल, अशी त्यास भीति वाटली.

समुद्र, सायप्रस व नाईल

ऑगस्ट महिन्यांत मार्सेयच्या बंदरीं तो जहाजावर चढला. जहाजाच्या बाजूचें दार उघडून घोडे आंत घेतले, मग तें दार डांबरून घट्ट बंद केलें. कारण समुद्रांत तें पाण्याखालीं राहतें. धर्मगुरूंनीं पवित्र आत्म्याचें गीत गाइलें, शिडें उभारलीं, आणि थोड्याच वेळांत किनारा दिसेनासा झाला. या प्रसंगीं झ्वांव्हिलच्या मनांत आलेला विचार त्याच्या स्वभावास शोभण्यासारखा आहे: रात्रीं निजणाऱ्यास सकाळीं आपण समुद्राच्या तळाशीं असूं कीं काय हें ठाऊक नसतें, अशा ठिकाणीं दुसऱ्याचें द्रव्य जवळ ठेवून, किंवा महापाप अंगावर घेऊन, जो जातो तो मोठाच धाडसी म्हणावयाचा. ईस्टरच्या शुक्रवारीं त्यानें रयतेचा हिशेब कां चुकविला, याचें उत्तर येथें मिळतें.

सायप्रस बेटांत राजानें आधींच धान्याचे व द्राक्षारसाचे सांठे करून ठेविले होते. गव्हाच्या व जवाच्या राशी इतक्या मोठ्या कीं, पावसानें वरचा थर उगवून त्या दुरून हिरव्या टेकड्यांसारख्या दिसत. झ्वांव्हिलच्या पिशवींत मात्र जहाजाचें भाडें दिल्यावर केवळ २४० लिव्र उरले. त्याचे कांहीं नाइट त्यास सोडून जाण्याची भाषा बोलूं लागले. तेव्हां राजानें त्यास निकोसिया येथें बोलावून घेतलें व ८०० लिव्र देऊन आपल्या पदरीं ठेविलें. सरदाराच्या युद्धजीवनांत तलवारीइतकीच पैशाची चिंता असे, आणि ती त्यानें लपविलेली नाहीं.

१२४९ सालच्या जून महिन्याच्या आरंभीं सैन्य मिसर देशाच्या किनाऱ्यावर दमिएट्टा शहरापाशीं उतरलें. गळ्यांत ढाल अडकवून राजानें स्वतः पाण्यांत उडी घेतली. पाणी त्याच्या काखेपर्यंत होतें. शहर लढाईवांचूनच हातीं आलें. परंतु त्यानंतर सैन्य तेथें नोव्हेंबरपर्यंत बसून राहिलें, आणि सुखासीनतेनें शिस्त सैल झाली. मग नाईलच्या कांठानें पुढें सरकत तें मनसुरा शहरासमोर आलें. मध्यें नदीचा फांटा आडवा होता. रात्रीं पलीकडून ग्रीक अग्नीचे गोळे येत. ते लांकडी बुरुजांवर पडतांना जणूं काय आकाशांतून अजगर झेपावत आहे असें वाटे. झ्वांव्हिल व त्याचे सोबती गुडघे टेकून प्रार्थना करीत. आणि आपल्या तंबूंत राजा बिछान्यावर उठून बसे व आपल्या लोकांचें रक्षण कर, म्हणून रडत देवाची विनवणी करी.

८ फेब्रुवारी १२५० रोजीं सैन्य उतारानें नदी ओलांडून गेलें. राजाचा भाऊ आर्त्वाचा काउंट रोबेर यानें हुकूम मोडून शहरांत घोडे घातले. तो व त्याच्या मागून गेलेले टेंपल संघाचे पुष्कळ नाइट आंतच मारले गेले. झ्वांव्हिल थोड्या सोबत्यांनिशीं एका पडक्या घराच्या आसऱ्यास अडकला. त्याच्याबरोबरच्या एरार द सिव्हेरे नांवाच्या नाइटाच्या चेहऱ्यावर तलवारीचा वार होऊन नाक ओठांवर लोंबत होतें. अशा स्थितींत त्यानें विचारिलें कीं, मी मदत आणावयास गेलों तर पळून गेलों असा डाग माझ्या वंशावर लागणार नाहीं ना? झ्वांव्हिलनें त्यास निर्धास्तपणें जाण्यास सांगितलें. तो गेला, मदत आली, आणि तो स्वतः त्याच जखमेनें मरण पावला. पुढें एका लहान पुलावर उभें राहून झ्वांव्हिलनें शत्रूचा लोंढा थोपविला. पांच बाण त्यास लागले, पंधरा बाण त्याच्या घोड्यास लागले. शेजारीं उभा असलेला स्वासोंचा काउंट अशाहि वेळीं थट्टा करीत म्हणाला कीं, या दिवसाच्या गोष्टी आपण घरीं बायकांच्या दालनांत बसून सांगूं. त्या विनोदाची आठवण साठ वर्षांनींहि म्हाताऱ्या झ्वांव्हिलला ताजी होती.

परंतु पराक्रमाचें पान येथें संपतें. पुढच्या उपवासकाळांत छावणींत रोग पसरला. हिरड्यांचें मांस सडून वाढे. न्हावी तें कापून काढीत तेव्हां रोगी प्रसववेदना होणाऱ्या स्त्रियांप्रमाणें किंकाळ्या फोडीत. झ्वांव्हिलहि अंथरुणास खिळला. त्याचा आजारी धर्मगुरु त्याच्याच तंबूंत मिस्सा अर्पीत असतां प्रतिष्ठेच्या वेळीं कोसळला. झ्वांव्हिलनें अंथरुणांतून उडी मारून त्यास सांवरलें, आणि पूर्ण केल्यावांचून सोडणार नाहीं असें सांगून धरून ठेविलें. धर्मगुरु शुद्धीवर आला, मिस्सा पूर्ण झाली. त्यानंतर त्यानें पुन्हां कधीं मिस्सा गाइली नाहीं.

कैद व खंडणी

एप्रिलच्या आरंभीं परतीचा मार्ग धरावा लागला. राजास स्वतः जहाजानें निसटून जाणें शक्य होतें. पण आपल्या लोकांस टाकून जाण्याचें त्यानें नाकारिलें, व तो पकडला गेला. झ्वांव्हिल नावेंतून जात असतां वेढला गेला. शरण जावें कीं मरावें, असा विचार चालला असतां त्याच्या कोठाराच्या एका नोकरानें सुचविलें कीं, सर्वांनीं मरण पत्करावें म्हणजे सर्व स्वर्गास जातील. झ्वांव्हिल लिहितो कीं, आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं. या एका वाक्यांत त्याचा सारा प्रामाणिकपणा आहे.

त्यास वांचविणारा मनुष्य मुसलमान होता. त्यानें झ्वांव्हिलला कवटाळून धरिलें व हा राजाचा आप्त आहे असें ओरडून मारेकऱ्यांस दूर ठेविलें. झ्वांव्हिलच्या घशांत गळूं होऊन त्यास पाणीहि गिळतां येईना. तेव्हां एका मुसलमान सरदारानें औषधी पेय देऊन त्यास दोन दिवसांत बरें केलें. त्याच्या पथकांतील राऊल द वानू या जखमी नाइटाच्या पायांच्या शिरा तोडल्या गेल्या होत्या, त्यामुळें त्यास उभें राहतां येत नव्हतें. एक वृद्ध मुसलमान त्यास गळ्याशीं धरून शौचास नेत असे. ज्यांच्याशीं आपण लढावयास गेलों त्यांचे हे उपकार झ्वांव्हिलनें नांवनिशीवार नोंदविले आहेत. त्याच वेळीं किनाऱ्यावर आजारी व दुबळे कैदी ठार मारले जात होते, हेंहि त्यानें लपविलेलें नाहीं. एका लहान मुलाचा हात घट्ट धरून ठेव, नाहीं तर त्याचा जीव जाईल, असें त्यास सांगण्यांत आलें. आणि त्यानें तो हात सोडला नाहीं.

राजाच्या सुटकेसाठीं दमिएट्टा शहर आणि सैन्याच्या सुटकेसाठीं आरंभीं दहा लक्ष व अखेरीस आठ लक्ष सोन्याचे बेझंत, म्हणजे चार लक्ष लिव्र, देण्याचें ठरलें. त्यांपैकीं निम्मी रक्कम राजानें निघण्यापूर्वीं द्यावयाची होती, आणि तोंपर्यंत राजाचा भाऊ ओलीस राहणार होता. मे महिन्यांत दोन दिवस पैसे तोलण्याचें काम चाललें. शेवटीं ३०,००० लिव्र कमी पडले. टेंपल संघाच्या जहाजावर लोकांच्या ठेवी होत्या. संघाचा अधिकारी म्हणाला कीं, ठेवी परत फक्त ठेवीदारास देण्याची आम्हीं शपथ घेतली आहे. तेव्हां झ्वांव्हिल जहाजाच्या तळाशीं उतरला, एका पेटीजवळ कुऱ्हाड उचलून उभा राहिला, आणि हीच राजाची किल्ली होईल असें म्हणाला. संघाच्या सेनापतीनें प्रसंग ओळखिला. बळजबरी होत आहे असें मानून त्यानें किल्ल्या देवविल्या. शपथ शाबूत राहिली आणि ओलीस सुटला.

याच वेळीं एका सरदारानें हंसत सांगितलें कीं, तोलण्यांत आपण शत्रूस १०,००० लिव्रांनीं फसविलें. राजास संताप आला. दिलेला शब्द पुरा झालाच पाहिजे, असें सांगून त्यानें ती रक्कम भरून देण्याचा हुकूम केला.

आक्र येथील सभा

सुटलेले लोक आक्र बंदरास आले. राजाबरोबर २८०० नाइट निघाले होते, त्यांपैकीं त्या शहरीं शंभरसुद्धां उरले नव्हते, असें सभेंत सांगण्यांत आलें. राजानें स्वदेशीं परतावें कीं राहावें, यावर जून महिन्यांत विचार झाला. राजाचे भाऊ व मोठमोठे सरदार यांनीं परत जाण्याचाच सल्ला दिला. पाळी पाळीनें विचारतां विचारतां प्रश्न झ्वांव्हिलपाशीं आला. त्याचें वय त्या वेळीं सुमारें २५ वर्षांचें. तापानें अंग खंगलेलें, जवळ पैसा नाहीं. तो म्हणाला कीं, राजानें स्वतःचें द्रव्य खर्चावें, नाइट मिळवावे आणि राहावें. कारण देवाच्या व राजाच्या सेवेंत जे गरीब लोक कैदेंत पडले आहेत, ते राजा निघून गेल्यास कधींच सुटणार नाहींत. सभेंत असा कोणी नव्हता कीं ज्याचा जवळचा मनुष्य कैदेंत नव्हता. सर्वांच्या डोळ्यांस पाणी आलें.

हें धैर्य कोठून आलें? झ्वांव्हिल सांगतो कीं, निघण्यापूर्वीं त्याच्या एका जवळच्या आप्तानें त्यास बजाविलें होतें: प्रभूच्या ज्या लहान लोकांबरोबर तूं गेलास, त्यांस शत्रूच्या हातीं टाकून परत येणाऱ्या नाइटास, मग तो श्रीमंत असो वा गरीब, तोंड दाखविण्यास जागा राहत नाहीं. सरदारांचा मान रणांगणावर ठरतो असें जग समजतें. या आप्तानें तो परतीच्या वाटेवर ठरविला.

सभेनंतर लोकांनीं झ्वांव्हिलची टवाळी केली. जेवतांना राजा त्याच्याशीं एक शब्दहि बोलला नाहीं. त्यास वाटलें, राजा रागावला. तो खिन्न मनानें एका खिडकीच्या गजांतून हात बाहेर टाकून उभा असतां कोणीतरी मागून त्याच्या खांद्यांवर रेलून दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेविले. हा कोणी चेष्टेखोर सरदार असावा, असें समजून झ्वांव्हिलनें त्यास झिडकारिलें. इतक्यांत त्याची नजर हातांतील पाचूच्या अंगठीवर गेली. तो राजाच होता. राजानें त्यास विचारिलें कीं, एवढे मोठे लोक विरुद्ध असतां तुला हें धाडस कसें झालें; आणि आपण राहणार आहों, परंतु आठ दिवस ही गोष्ट कोणास सांगूं नकोस, असें कानांत सांगितलें.

राजा जवळ जवळ चार वर्षें तेथें राहिला. आक्र, कैसरिया, याफा व सीदोन या शहरांचे तट त्यानें बांधविले. सीदोन येथें उघड्यावर कुजत पडलेलीं प्रेतें स्वतःच्या हातांनीं उचलून पुरलीं. १२५२ सालीं मिसरच्या सत्ताधीशांशीं तह होऊन राहिलेले कैदी सुटले, आणि कैदेंत धर्म बदलावयास लावलेलीं मुलेंहि परत मिळालीं. आक्र येथील त्या एका सल्ल्यानें किती मातांचे मुलगे घरीं आले, याचा हिशेब देवापाशींच असेल.

या काळांतील झ्वांव्हिलचें घर कसें होतें, हेंहि तो सांगतो. हिवाळ्यांत समुद्र खवळून भाव चढतात, म्हणून शरद ऋतूंतच तो डुकरें, मेंढ्या, पीठ व द्राक्षारसाचीं पिंपें भरून ठेवी. दररोज त्याच्या घरीं दोन मिस्सा होत. आपल्याविषयीं वावगी शंका येऊं नये म्हणून त्यानें आपला बिछाना अशा ठिकाणीं घातला होता कीं, आंत येणाऱ्या प्रत्येकास तो सरळ दिसावा. राजाशीं नोकरीचा करार वाढवितांना त्यानें पैशाऐवजीं एक अट घातली: मी कांहीं मागितलें तर महाराजांनीं रागावूं नये, आणि महाराजांनीं नाकारिलें तर मी रागावणार नाहीं. राजा मोठ्यानें हंसला.

१२५४ सालीं परत येतांना सायप्रसजवळ राजाचें जहाज वाळूच्या उंचवट्यावर आपटून मोडकळीस आलें. तज्ज्ञ म्हणाले, राजानें दुसऱ्या जहाजावर जावें. राजानें उत्तर दिलें कीं, मी उतरलों तर या जहाजांतील ५०० लोक भीतीनें सायप्रसमध्येंच उतरतील व कदाचित् कधीं घर पाहणार नाहींत. त्यापेक्षां मी, माझी राणी व माझीं मुलें देवाच्या हातीं राहतों. झ्वांव्हिल जवळच उभा होता. ज्या राजास त्यानें आक्रमध्यें लहान लोकांची आठवण दिली, तोच राजा आतां त्यास तो धडा परत देत होता.

दुसरा नकार

घरीं आल्यावर झ्वांव्हिलला काय दिसलें? तो सहा वर्षें समुद्रापार असतां फ्रान्सच्या राजाच्या व नाव्हारच्या राजाच्या अंमलदारांनीं त्याच्या रयतेस नागवून भिकेस लावलें होतें. धनी धर्मकार्यास गेला होता. धन्याचें छत्र नसलेलीं माणसें कोणाच्याहि तावडींत सांपडलीं होतीं.

१२६७ सालच्या मार्च महिन्याच्या २५ व्या दिवशीं राजा लुईसनें पुन्हां क्रूस घेतला. झ्वांव्हिललाहि बोलावणें आलें. दोन्ही राजांनीं त्यास आग्रह केला. ज्या राजावर त्याचें भावापेक्षां अधिक प्रेम होतें, ज्यास तो संत मानीत होता, त्या राजास त्यानें नाहीं म्हटलें. आपण नसतांना आपल्या लोकांची काय दशा झाली हें आपण पाहिलें आहे; त्यांचें नुकसान होणार हें उघड दिसत असतां आपण पुन्हां गेलों, तर ज्या देवानें आपल्या लोकांच्या तारणासाठीं स्वतःचा देह दिला, त्याचाच आपण कोप ओढवून घेऊं; देवाची इच्छा करावयाची तर येथेंच राहून लोकांचें रक्षण केलें पाहिजे, असें तो म्हणाला.

वाचकांनीं या उत्तराचें वजन नीट पाहावें. त्या काळीं क्रूस घेणें हा पुण्याचा कळस समजला जात होता, आणि नकार देणाऱ्यास भेकड म्हणावयास जग टपलेलें होतें. झ्वांव्हिलचें शौर्य मनसुराच्या पुलावर सिद्ध झालेलें होतें. आतां त्यास त्याहून कठीण शौर्य दाखवावें लागलें. शिवाय राजाच्या प्रकृतीचें मानहि त्यास दिसत होतें. राजा इतका अशक्त झाला होता कीं, झ्वांव्हिलनें त्यास एका घरापासून फ्रान्सिस्कन मठापर्यंत दोन्ही हातांवर उचलून नेलें. अशा मनुष्यास ज्यांनीं जाण्याचा सल्ला दिला त्यांनीं महापाप केलें, असें त्यानें बेधडक लिहून ठेविलें. राजा गेला, आणि २५ ऑगस्ट १२७० रोजीं ट्युनिसजवळ मरण पावला.

झ्वांव्हिलचा नकार प्रेमाच्या अभावामुळें नव्हता, हें पुढील काळानें दाखविलें. १२८२ सालीं राजाच्या पुण्याईची चौकशी झाली, तेव्हां त्यानें दोन दिवस साक्ष दिली. १२९७ सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं लुईसला संत म्हणून जाहीर केलें. पुढल्या वर्षीं संताचे अवशेष वर काढण्याच्या समारंभांत प्रवचनकारानें त्या १०,००० लिव्रांची गोष्ट सांगितली, आणि साक्षीदार म्हणून समोर बसलेल्या झ्वांव्हिलकडे बोट दाखविलें. त्यानंतर राजा आपल्या कपेलांत आनंदानें उभा आहे असें स्वप्न त्यास पडलें, म्हणून त्यानें तेथें संत लुईसच्या नांवें वेदी उभारिली. राणी जान हिच्या विनंतीवरून आरंभिलेला त्याचा ग्रंथ राणीच्या मरणानंतर, १३०९ सालच्या ऑक्टोबरांत पुरा झाला. तो त्यानें तिच्या मुलास अर्पण केला. १३१५ सालीं, नव्वदीच्या वयांत, फ्लांडर्सच्या मोहिमेसाठीं राजाचें बोलावणें आलें, तेव्हांहि हजर होण्याची तयारी त्यानें पत्रानें कळविली. २४ डिसेंबर १३१७ रोजीं, ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशीं, त्यानें देह ठेविला.

आमच्या मतें या दीर्घ आयुष्याचें सार तीन प्रसंगांत आहे. जाण्यापूर्वीं त्यानें आपल्या लोकांचें देणें चुकविलें. परदेशीं असतां कैदेंतील गरिबांसाठीं तो सर्वांविरुद्ध उभा राहिला. आणि दुसऱ्यांदा हांक आली तेव्हां आपल्या रयतेसाठीं तो घरीं राहिला. पहिल्या प्रसंगीं त्यानें द्रव्य दिलें, दुसऱ्या प्रसंगीं लोकांच्या तोंडची स्तुति दिली, आणि तिसऱ्या प्रसंगीं आपल्या परमप्रिय मित्राची सोबत दिली. जाण्यांतहि धर्म होता आणि न जाण्यांतहि धर्म होता. कोणत्या वेळीं कोणता, हें त्यानें लहान माणसांच्या तोंडाकडे पाहून ठरविलें.

आपल्यांत आज किल्ले नाहींत, नाइट नाहींत. पण ज्यांचा भार आपल्यावर टाकलेला आहे अशीं माणसें प्रत्येकाच्या घरीं, शेतावर, कामाच्या ठिकाणीं व धर्मग्रामांत आहेत. मोठ्या कार्याची हांक ऐकूं आली म्हणजे त्यांचा विसर पडणें फार सोपें असतें, आणि तें कार्य पवित्र असलें म्हणजे तर अधिकच सोपें. संत लुईसच्या सणाच्या दिवशीं त्या राजाची प्रार्थना करतांना त्याच्या या प्रामाणिक सोबत्याचीहि आठवण करावी, आणि प्रभूच्या लहान लोकांचें आपल्याकडे काय येणें आहे, हें एकदां आपल्या मनाशीं मोजून पाहावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.